शेरा संस्थेला, शिक्षा विद्यार्थ्याला

निवृत्तीला दोन वर्षे उरली असतानाची गोष्ट. छत्तीसगडमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात ठरावीक वारी ‘जनदर्शन’ भरते. रेशनकार्ड, जमिनीची मोजणी, अडकलेले निवृत्तिवेतन, भावाभावांतील हद्दीचे तंटे अशा अर्जांचा गठ्ठा समोर येतो आणि अधिकारी एकेकावर शेरा मारून तो संबंधित विभागाकडे पाठवतात. त्या दिवशी रांगेत पूर्व आफ्रिकेतील एका देशाचा तरुण उभा होता. राज्यातल्या एका खासगी संस्थेत तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या वास्तव्याची मुदत संपत आली होती. मुदतवाढीसाठी संस्थेने द्यावयाची माहिती वेळेत भरली गेली नव्हती. ते काम पाहणारा एकमेव लिपिक नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी कोणी आले नव्हते. परदेशी नागरिकांची नोंदणी हा जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांचा विषय, महसूल अधिकाऱ्याचा नव्हे. मी त्याला तसे सांगितले, अधीक्षक कार्यालयाला दूरध्वनी केला आणि त्याचा कागद पुढे पाठवला. जाताना त्याने मला अगदी नम्रपणे एक प्रश्न विचारला. या संस्थेला सरकारी मूल्यांकनात चांगली श्रेणी मिळालेली आहे, हे वाचून मी इथे आलो. ती श्रेणी नेमकी कशाची होती?

मला त्याला उत्तर देता आले नाही. पुढे नियम वाचले, समित्या पाहिल्या, एका महाविद्यालयाच्या कारभारात थोडाफार भागही घेतला. आज काही प्रमाणात उत्तर देता येईल असे वाटते.

सध्याची व्यवस्था अशी आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ हा कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी देशात पन्नास हजारांच्या आतबाहेर परदेशी विद्यार्थी होते. पाच वर्षांत ही संख्या दोन लाखांवर न्यायची होती. कोणत्याही संस्थेला या कार्यक्रमाच्या फळीवर बसवता येणार नाही, हे उघड होते. म्हणून चाळणी लावली गेली. राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनाच्या, म्हणजे ‘एनआयआरएफ’च्या, पहिल्या शंभरातील स्थान, किंवा राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचा, म्हणजे ‘नॅक’चा, चारपैकी किमान ३.०१ गुणांक. ‘नॅक’च्या भाषेत ३.०१ म्हणजे ‘ए’ श्रेणीचा उंबरठा. त्याखालचा ३.०० गुणांक ‘बी प्लस प्लस’ ठरतो. आयआयटीसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा मार्ग वेगळा. माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या कुटेलाभाठा इथल्या आयआयटी भिलाईला ही चिंता नाही. त्याच दुर्ग जिल्ह्यातील सरकारी पदवी महाविद्यालयाला मात्र आहे.

कमी गुणांकाच्या संस्थेने परदेशी विद्यार्थी घेऊच नयेत, अशी सरसकट बंदी या चाळणीत नाही. पण सरकार ज्या संस्था जगापुढे मांडते, ज्यांची दूतावासांतून जाहिरात होते, ज्यांच्यासाठी शुल्कमाफी ठेवली जाते, त्या यादीत शिरण्याची किल्ली म्हणजे ही श्रेणी. जानेवारी २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने ई-विद्यार्थी व्हिसा आणला आणि अर्जदाराला आधी ‘स्टडी इन इंडिया’च्या पोर्टलवर नोंदणी करून ओळख क्रमांक घेणे बंधनकारक केले. शिक्षणाचे पोर्टल आणि व्हिसाची खिडकी अशा रीतीने एकमेकांना जोडली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मान्य जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा परदेशी विद्यार्थ्यांना देण्याची मुभा दिली आहे. ही जागा स्थानिक विद्यार्थ्याच्या वाट्यातून जात नाही आणि शुल्क अधिक मिळते. साहजिकच दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांना किंमत आली.

तपासनिसाच्या शेऱ्याला पैसा जोडला की काय होते, याचा अनुभव आपल्याला दीडशे वर्षांचा आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे थोडे रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्यासोबत छत्तीसगडही कंपनीच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी वुडचा खलिता आला आणि सरकारी तपासणीच्या अटीवर शाळांना अनुदान देण्याचे धोरण ठरले. मराठी मुलुखात ज्यांना लोक ‘दिपोटी’ म्हणत, ते शाळातपासणी अधिकारी याच व्यवस्थेतून जन्मले. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जायची, मुलांना धुतलेले कपडे घालून बसवले जायचे आणि पाठ केलेली उत्तरे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली जायची.

इंग्लंडमध्ये १८६२ पासून ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आली. मूल वाचन, लेखन, अंकगणितात तपासनिसापुढे उत्तीर्ण झाले तर शाळेला पैसे, नाही तर कपात. कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी पस्तीस वर्षे शाळा तपासनीस म्हणून काढली. त्यांनी या पद्धतीला सातत्याने विरोध केला, कारण मुले पुस्तक समजून न घेता पाठ करू लागली होती. ही पद्धत मुंबई इलाख्यातही पोहोचली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर बोट ठेवले. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरू शकेल, असा त्यांचा रोख होता. धोरण आखणाऱ्याला शेऱ्यातून गुणवत्ता दिसते. फुल्यांना त्या शेऱ्यामुळे शाळेबाहेर राहणारे मूल दिसले.

आता दिपोटीच्या जागी ‘पिअर टीम’ आली आहे. मी अशी एक भेट जवळून पाहिली. छत्तीसगडच्या सरकारी महाविद्यालयांत ‘जनभागीदारी समिती’ असते. स्थानिक नागरिक, पालक, लोकप्रतिनिधी तिच्यात असतात. निवृत्तीनंतर काही काळ मी अशा एका समितीत होतो. हे महाविद्यालय ज्या पट्ट्यात आहे, तिथे एका बाजूला भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची शेते आहेत. विद्यार्थ्यांत मुलींची संख्या मोठी, आणि घरातली पहिली पदवीधर होणाऱ्यांची त्याहून मोठी. भेटीच्या पंधरा दिवस आधी भिंतींना रंग लागला. ग्रंथालयात नवे फलक लागले. प्राध्यापक मंडळी वर्ग सोडून छायाचित्रांना तारखा आणि कार्यक्रमांना अहवाल जोडत बसली. कारण आता गुणांकाचा सुमारे ७० टक्के भाग संस्थेने स्वतः भरलेल्या आकडेवारीवर ठरतो आणि ती आकडेवारी त्रयस्थ संस्था दूरवरून पडताळते. लबाडी कुणी केली, असे मी म्हणणार नाही. पण अर्ध्या सत्राचे शिकवणे त्या फाइलींच्या खाली गेले, हे मी पाहिले आहे.

समितीच्या बैठकीत एका उत्साही सदस्याने विचारले, आपली श्रेणी ‘ए’ झाली तर परदेशी विद्यार्थी आणता येतील का? सगळे हसले. प्राचार्य हसले नाहीत. ते म्हणाले, “साहेब, वसतिगृहात आपल्या गावाकडच्या मुलींसाठी खाटा नाहीत. तो विद्यार्थी रात्री आजारी पडला तर त्याला कोण दवाखान्यात नेणार?” आजवर वाचलेल्या कोणत्याही मार्गदर्शक सूचनेपेक्षा मला हे वाक्य अधिक नेमके वाटते.

‘नॅक’चे सात निकष आहेत: अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य, प्रशासन आणि संस्थात्मक मूल्ये. यांपैकी एकही निरर्थक नाही. पण परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याची पोलिसांकडे चौदा दिवसांत नोंदणी होते का, त्याची मुदतवाढ वेळेत होते का, मध्येच अभ्यासक्रम बंद पडला तर त्याचे शुल्क परत मिळते का, त्याच्या भाषेत बोलणारा किंवा निदान त्याचे ऐकून घेणारा कोणी संस्थेत आहे का, यासाठी त्यांत स्वतंत्र निकष नाही. असण्याचे कारणही नव्हते. १९९४ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेली ही परिषद संस्थांनी स्वतःकडे आरशात पाहावे, सुधारावे, या हेतूने उभी राहिली होती. तो आरसा आता सीमेवरच्या तपासणी नाक्यावर टांगला गेला आहे.

आरसाही स्वच्छ राहिलेला नाही. पुण्यातील ज्येष्ठ संशोधक प्रा. भूषण पटवर्धन हे ‘नॅक’च्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. २०२३ च्या आरंभी त्यांनी पद सोडले, तेव्हा हितसंबंध, गैरप्रकार आणि संशयास्पद श्रेणी यांचा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला होता. त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘नॅक’च्या एका पाहणी समितीच्या अध्यक्षासह दहा जणांना अटक केली. आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला सर्वोच्च श्रेणी मिळावी म्हणून रोख रक्कम, सोने, मोबाइल, लॅपटॉप दिले-घेतले गेल्याचा आरोप होता. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा तेव्हा होईल. पण त्यानंतर परिषदेने आपल्या सुमारे पाच हजार मूल्यांककांपैकी शेकडो जणांना यादीतून वगळले. श्रेणी विकत घ्यावीशी वाटण्याइतकी मौल्यवान का झाली, हा प्रश्न मात्र त्या कारवाईच्या बातम्यांत फारसा कुणी विचारला नाही. स्वायत्तता, दूरशिक्षण, अनुदान, परदेशी विद्यार्थी, असे एकेक दार आपणच त्या एका अक्षराला जोडत गेलो आहोत.

आणि हे अक्षर सगळ्यांपर्यंत पोहोचलेलेही नाही. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ च्या आरंभी देशातील १,११३ विद्यापीठांपैकी ४१८ आणि ४३,७९६ महाविद्यालयांपैकी ९,०६२ यांचेच मूल्यांकन झालेले होते. उरलेल्यांत वाईट संस्था आहेत, तशाच नुसत्या गरीब संस्थाही आहेत.

हा प्रश्न आपल्याकडे येणाऱ्यांपेक्षा आपल्याकडून जाणाऱ्यांना अधिक बोचलेला आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, दोन वर्षांपूर्वीपेक्षा थोडे कमीच. त्यांत २८ टक्के एकट्या नेपाळचे. याउलट २०२४ मध्ये परदेशांत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या १३ लाखांच्या वर होती. म्हणजे एक येतो तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस जातात. जाणारे आता मुंबई-पुण्याचेच असतात असे नाही. अहिवाऱ्यातूनही जातात.

आमच्या गल्लीतला एक मुलगा २०१० मध्ये लंडनला गेला. वडील नंदिनीच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतला बराचसा पैसा शुल्कात गेला. महाविद्यालय खासगी होते, एका इमारतीच्या दोन मजल्यांवर भरणारे. मुलगा प्रामाणिकपणे शिकत होता, यात मला शंका नाही. त्याच्या वह्या मी पाहिल्या आहेत. पण ब्रिटनने २००९ मध्ये आणलेल्या ‘टिअर फोर’ या व्हिसा व्यवस्थेत अनेक जण शिक्षणाच्या नावाखाली केवळ नोकरीसाठी येत आहेत, असे तिथल्या सरकारच्या लक्षात आले. तिथल्या महालेखापरीक्षकांनी पुढे अंदाज दिला की पहिल्याच वर्षात असे ४० ते ५० हजार लोक आले असावेत. मार्च २०११ मध्ये सरकारने जाहीर केले की परदेशी विद्यार्थी घ्यायचे तर खासगी महाविद्यालयांना मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून शैक्षणिक तपासणी करून घ्यावी लागेल आणि गृह खात्याकडून ‘अत्यंत विश्वासार्ह’ असा दर्जा मिळवावा लागेल. तपासणीचा शेरा समाधानकारक नसेल, किंवा तपासणीच झाली नसेल, तर नवे परदेशी विद्यार्थी बंद. शेकडो संस्था या चाळणीतून गळाल्या. या मुलाचे महाविद्यालयही गळाले.

सरकारचा निर्णय चूक होता, असे मी म्हणत नाही. पदव्यांची दुकाने बंद व्हायलाच हवी होती. पण संस्थेचा परवाना गेला की तिथल्या परदेशी विद्यार्थ्याला नवी संस्था शोधायला साठ दिवस मिळत. साठ दिवसांत नवी संस्था, नवे शुल्क, नवा अर्ज. वडिलांकडे दुसरे शुल्क नव्हते. तो परतला, अर्धवट पदविकेसह. संस्थेच्या मालकाचे काय झाले, ते त्याला कधीच कळले नाही.

खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची ही कहाणी फार थोड्यांच्या कानावर गेली. जगाचे लक्ष वेधले ते ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस, जेव्हा लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना रद्द झाला. तिथे युरोपबाहेरचे २,६०० हून अधिक विद्यार्थी होते. काहींच्या वास्तव्याची कागदपत्रे नव्हती, हजेरीची नोंद नीट नव्हती, असा ठपका होता. नियम मोडणारे थोडे, शिक्षेच्या रांगेत सगळे. अखेर न्यायालयाने कागदपत्रे नीट असलेल्या चालू विद्यार्थ्यांना वर्ष पूर्ण करू देण्याची अंतरिम मुभा दिली आणि पुढच्या एप्रिलमध्ये विद्यापीठाला परवाना अटींसह परत मिळाला. सरकारी विद्यापीठासाठी न्यायालयाचे दार ठोठावणारे वकील होते. दोन मजल्यांच्या महाविद्यालयातील मुलांसाठी नव्हते.

अमेरिकेतले उदाहरण याहून विचित्र आहे. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला. तिथले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते आणि त्यांतल्या काहींच्या पायात निरीक्षणाची यंत्रे अडकवली गेली, हे वाचकांना आठवत असेल. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ उघड झाले. ते विद्यापीठ नव्हतेच. व्हिसाचा गैरवापर करणाऱ्यांना पकडण्यासाठी सरकारी यंत्रणेनेच ते रचले होते. पकडलेल्यांतले जवळपास सगळे भारतीय. त्यांच्यापैकी अनेकांना आपण काय करतो आहोत हे माहीत होते, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते आणि ते काहींच्या बाबतीत खरेही असेल. पण त्या बनावट विद्यापीठाचे नाव एका मान्यता देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत यादीत सरकारच्याच विनंतीवरून घातलेले होते. श्रेणी पाहून प्रवेश घ्या, असा सल्ला आपण मुलांना देतो, तेव्हा ही यादी आठवावी.

ब्रिटनने पुढे एक शहाणपणाची गोष्ट केली. शैक्षणिक तपासणी आणि परदेशी विद्यार्थ्यांबाबतचे उत्तरदायित्व यांची मोजमापे वेगळी ठेवली. तपासणीचा शेरा ही एक अट राहिली. पण तिच्या जोडीला दरवर्षी तीन साधे आकडे पाहिले जाऊ लागले. या संस्थेने पत्र दिलेल्या किती अर्जदारांचा व्हिसा नाकारला गेला, किती जण प्रत्यक्ष रुजू झाले आणि किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. नाकारण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, रुजू होण्याचे किमान नव्वद टक्के, पूर्ण करण्याचे किमान पंच्याऐंशी टक्के, असे उंबरठे होते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने ते आणखी प्रत्येकी पाच टक्क्यांनी कडक करण्याचे ठरवले. त्या देशाचे स्थलांतराचे राजकारण मला पटत नाही. पण हे आकडे निदान परदेशी विद्यार्थ्याविषयी काही सांगतात. तिथल्या शालेय तपासणीतही एका शब्दाचा शेरा आता राहिलेला नाही. एका मुख्याध्यापिकेच्या मृत्यूला तपासणीने हातभार लावला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०२३ मध्ये काढला आणि सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी तो एकशब्दी निवाडा बंद झाला.

ऑस्ट्रेलियाचा धडा मला अधिक उपयोगी वाटतो. २००९-१० मध्ये मेलबर्न-सिडनीतील अनेक खासगी महाविद्यालये एकामागून एक बंद पडली, आणि त्यांत भारतीय मुले मोठ्या संख्येने अडकली. त्यातून २०१२ मध्ये ‘शुल्क संरक्षण सेवा’ उभी राहिली. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्था तिच्यासाठी वर्गणी भरतात. संस्था बंद पडली तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा शोधून दिली जाते, ते न जमल्यास न वापरलेले शुल्क परत मिळते. तिथेही संस्थांना जोखमीच्या पायऱ्या लावून व्हिसाची रांग ठरवण्याचा प्रकार डिसेंबर २०२३ पासून झाला आणि त्यावर टीका होऊन वर्षभरात तो बदलावा लागला. तरीही संस्थेच्या चुकीचा भुर्दंड विद्यार्थ्याने भरायचा नाही, हे तत्त्व त्यांनी कायद्यात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे ते कुठेही लिहिलेले नाही.

हे आता लिहिण्याचे कारण आहे. ‘इस्रो’चे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनुसार ‘नॅक’ अक्षरी श्रेणी मोडीत काढणार आहे. संस्था मान्यताप्राप्त, मान्यतेच्या प्रतीक्षेत किंवा अमान्य, एवढेच सांगितले जाईल; त्यापुढे पाच पायऱ्यांची परिपक्वता श्रेणी असेल. जानेवारी २०२४ मध्ये याची घोषणा झाली, अंमलबजावणीच्या तारखा पुढे सरकत गेल्या. पण अक्षर गेले की ३.०१ चा उंबरठाही जातो आणि परदेशी विद्यार्थ्यांची चाळणी कुणाला तरी नव्याने लिहावी लागेल. सरकारी फायलींचा माझा अनुभव असा, की अशा वेळी संबंधित टेबलावरचा अधिकारी जुन्या आकड्याच्या जागी जवळचा नवा आकडा बसवतो. ‘३.०१ च्या ऐवजी तिसरी पायरी’ अशी टिपणी कुणीतरी लिहील आणि वरचे तिच्यावर सह्या करतील. मीही अशा सह्या केल्या आहेत.

तसे होऊ नये. शैक्षणिक मान्यता ही किमान अट राहावी. तिच्या पलीकडे परदेशी विद्यार्थी ठेवण्याची परवानगी स्वतंत्र असावी आणि ती प्राचार्यांच्या त्या प्रश्नावर ठरावी. वसतिगृहाची खाट, दवाखाना, नोंदणीचे काम पाहणारा नावानिशी जबाबदार माणूस आणि तो सुट्टीवर असेल तेव्हा दुसरा. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर घातले आहे. त्या कर्तव्यात कसूर झाली तर संस्थेला जाब विचारला जाईल, हे ठीक. पण विद्यार्थ्याच्या मुदतवाढीचे काय, हा प्रश्नही त्याच शासन निर्णयात सुटला पाहिजे. संस्थेची मान्यता घसरली तर नवे प्रवेश थांबावेत आणि आधीच आलेल्यांना पदवी पुरी करण्याचा हक्क असावा. तोपर्यंत त्यांचे शुल्क वेगळ्या खात्यात राहावे. एक समुपदेशक, एक खाते, दोन नोंदवह्या. याला फार पैसा लागत नाही.

छोट्या महाविद्यालयाने परदेशी विद्यार्थी घ्यावेत का, असेही मला विचारले जाते. भिलाईत राहणाऱ्याला हा प्रश्न वेगळा दिसतो. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत अभियंते आणि त्यांची कुटुंबे या भाताच्या माळावर येऊन राहिली आणि इथले शेकडो तरुण अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा या परिसरात श्रेणी मिळालेली एकही संस्था नव्हती. दोन्ही बाजूंनी माणसे राहण्या-जेवण्याची, भाषेची, आजारपणाची तयारी करून बसली होती. भिलाईचा मैत्री बाग त्याची आठवण म्हणून उभा आहे. एखाद्या लहान गावाला पाहुणा सांभाळता येत नाही, असे मानायला मला कारण दिसत नाही. मात्र त्यासाठी तयारी काय आहे, हे विचारणारे कुणीतरी हवे.

जनदर्शनातल्या त्या तरुणाचे काम पुढे झाले. उशिराचा दंड त्यानेच भरला. संस्थेने तो परत केला की नाही, हे मी विचारू शकलो नाही, कारण तोवर माझी बदली झाली होती. लंडनहून परतलेला आमच्या गल्लीतला मुलगा आता चाळिशीकडे झुकला आहे. जामूलच्या रस्त्यावर त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. परदेशी शिक्षणाच्या एजंटांची रंगीत पत्रके घेऊन आसपासच्या गावांतले पालक त्याच्याकडे येतात, कारण ‘तिकडे जाऊन आलेला’ तोच एक त्यांच्या ओळखीचा असतो. तो पत्रकावरची श्रेणी वाचत नाही. एजंटाला दोनच गोष्टी विचारा, असे सांगतो: कॉलेज बंद पडले तर फी कोण परत देणार, आणि व्हिसाचे काम पाहणाऱ्या माणसाचे नाव काय. दुसऱ्याचे उत्तर कधीकधी मिळते. पहिल्याचे उत्तर घेऊन अजून एकही पालक त्याच्या दुकानात परत आलेला नाही.